तुम्ही विचारलंत म्हणून: ती लांबडी गाडी अजून का ठेवलीय?

"मॅडम, ही विकून फॉर्च्युनर का नाही घेत?"

हे मला डिझेल भरणाऱ्या पोरानं विचारलंय, ऑफिसच्या वॉचमननं विचारलंय आणि ज्यांचे हिशेब मी बघते त्या वाळूजच्या निम्म्या कारखानदारांनी तर चहा पिता पिता विचारलंय. दिवाळीत भाच्यानं त्यात भर घातली. "मामी, ही गाडी तर कंपनीनं बंदच केली ना? मग?" त्या 'मग?'चं उत्तर एकदाच लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं पाठवून देता येईल.

गाडी 2016ची स्कोडा सुपर्ब, डिझेल. आम्ही 2019 साली सेकंड हँड घेतली. लांबी 4 मीटर 86 सेंटिमीटर, त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाक पांढऱ्या पट्टीच्या बाहेर येतं आणि वर्षातून एकदा सेक्रेटरींची चिठ्ठी. ही गाडी परदेशी दिसते, पण तिची जुळणी आमच्या इथेच, शेंद्र्याच्या एमआयडीसीत झालेली. छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला तिच्याबद्दल जरा जास्त माया असेल तर त्याचं हेही एक कारण.

खरं कारण मात्र सासूबाई.

2019 मध्ये आम्ही निघालो होतो एसयूव्हीच, म्हणजे फॉर्च्युनरसारखी उंच गाडीच घ्यायला. सासूबाई नऊवारीत, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झालेले. शोरूममध्ये त्यांनी एक पाय पायरीवर ठेवला, वरचं हँडल धरलं आणि तिथेच अडकल्या. दुसरा गुडघा वाकेना, आणि वाकला तरी लुगड्याचा काष्टा आडवा. दोन सेल्समन पोरं हात पुढे करून उभी, पण धरायचं कुठे हे त्यांना कळेना. त्या सावकाश खाली उतरल्या, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "ही गाडी आहे का माळा?"

त्याच संध्याकाळी ओळखीच्या एकांकडे विकायला लागलेली सुपर्ब बघायला गेलो. मागचं दार उघडलं. सासूबाईंनी गाडीकडे पाठ केली, टेकल्या, मग दोन्ही पाय एकदम उचलून आत घेतले. कुणाचा हात नाही, काही नाही. पुढच्या सीटला गुडघा लागत नव्हता, एवढंच नव्हे, तर मध्ये भाजीची पिशवी उभी राहील एवढी जागा उरली. पुढे त्यांना पुढच्या सीटच्या कडेला असलेली बटणंही सापडली. मागे बसणाऱ्याला ती दाबून पुढची सीट सरकवता येते. तेव्हापासून प्रवासात आमचे हे हळूहळू डॅशबोर्डच्या दिशेनं जात असतात आणि सासूबाई मागे पाय लांब करून जपाची माळ ओढत असतात.

गाडी मीच चालवते. हॉटेलच्या दारात दरवान धावत येऊन मागचं दार उघडतो, आत सासूबाई बघून खूश होतो, आणि मग पार्किंगची चिठ्ठी मला देताना गोंधळतो. मोठी सेडान (अशी लांब, बुटकी, मागे डिकीवाली गाडी) म्हणजे साहेब मागे आणि ड्रायव्हर पुढे, हे आपल्याकडे डोक्यात घट्ट बसलंय. या गाड्या खपेनाशा झाल्या, त्याचं दुखणंही मला तिथेच दिसतं. मालक स्वतः स्टिअरिंगवर आला, आणि स्टिअरिंगवर बसलेल्याला उंची हवी असते. समोरचं लांबवर दिसावं, खड्ड्याची भीती वाटू नये, आणि (हे कुणी कबूल करत नाही) बाकीचे जरा खाली दिसावेत. ज्यांच्याकडे अजून ड्रायव्हर आहे त्यांच्यात लांब गाडी चालतेच की. लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली मर्सिडीज ई-क्लास चाकणला जुळते आणि चांगली खपते.

अनेकांना वाटतं, करामुळे मोठ्या सेडान मेल्या. मी सीए आहे, तेव्हा एवढं सांगू द्या. चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना 2006 पासून कमी कर लागतो, हे खरं. त्यापायीच तर 2012 मध्ये डिझायरची डिकी सुरीनं कापल्यासारखी आखूड झाली. पण मोठ्यांमधली तुलना उलटी होती. 2025च्या सप्टेंबरपर्यंत मोठ्या सेडानवर जीएसटी आणि सेस मिळून 48 टक्के आणि मोठ्या एसयूव्हीवर 50. आता दोघींवर सरसकट 40. जुन्या नियमात एसयूव्ही ठरायला लांबी आणि इंजिनाबरोबर 170 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सची, म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांतल्या अंतराची अट होती. म्हणजे लोकांनी दोन टक्के जास्त मोजून ती उंची विकत घेतली. कर बिचारा यात निर्दोष आहे.

उंची कशाला लागते हे मलाही कळतं हो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, अशी त्याची छान पसरट पाठ. आमच्या सासरच्या गावाच्या वेशीवरचा गतिरोधक मात्र कुणीतरी रागात केल्यासारखा आहे. पाच माणसं बसली की पोटाखालून खर्रर असा आवाज येतो आणि तो थेट माझ्या दातांत जातो. म्हणून वेशीच्या अलीकडे गाडी थांबते, सासूबाई सोडून सगळे उतरतात, मी गाडी तिरकी घालून एकेक चाक पार करते, आणि पलीकडे सगळे पुन्हा बसतात. पारावरच्या मंडळींना आता हा कार्यक्रम पाठ झालाय.

याची भरपाई समृद्धी महामार्गावर होते. माळीवाड्याला वर चढलं की 120ची मर्यादा, आणि त्या वेगाला ही गाडी रस्त्याला चिकटून, मांजरासारखी अंग चोरून जाते. वळणावर अंग झुकत नाही. नणंदेकडे नागपूरला पोचेपर्यंत मागच्या सीटवर एक झोप पूर्ण झालेली असते. डिकी 625 लिटरची आणि काचेसकट उघडते. त्यामुळे कट्टर मंडळी म्हणतील की ही सेडानच नव्हे, लिफ्टबॅक आहे. असू दे. दौलताबादच्या सीताफळांचे क्रेट जाताना त्यांनी येऊन मोजावेत.

आता 'बंद झाली'चं. ते खरंच आहे. 1 एप्रिल 2023 पासून प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि सुपर्ब इथल्या यादीतून गेली. त्याआधी 2020 मध्येच पसाट, अकॉर्ड, सिव्हिक या सेडान गेल्या होत्या. मोजक्याच गाड्या खपत असतील, तर नव्या चाचण्यांचा खर्च कोण करणार? 2024च्या एप्रिलमध्ये सुपर्ब परत आली, पण पूर्ण तयार होऊन परदेशातून, 54 लाखांना, आणि तीही फक्त 100. त्याला बाजारात येणं म्हणायचं का, तुम्हीच ठरवा. बंगळुरूजवळ बिडदीला जुळणारी टोयोटाची सेडान कॅमरी अजून आहे, 2024च्या डिसेंबरात नवी आली, 48 लाखांना. अमेरिकेतही तेच चाललंय. ज्या देशानं लांब गाड्यांची हौस जगाला लावली, तिथल्या फोर्डनं 2018 मध्येच सेडान बंद करत असल्याचं जाहीर केलं.

मी भाव काढून बघितला नाही असं नाही. जुन्या गाड्यांचा एक व्यापारी घरी आला, बोनेटवर हात फिरवला, दार दोनदा लावून तो 'थड्' आवाज ऐकला. "गाडी एक नंबर आहे मॅडम, पण गिऱ्हाईक नाही," म्हणाला आणि आठ लाख सांगितले. याच वर्षाची फॉर्च्युनर असती तर डोळे मिटून याच्या दुप्पट दिले असते, असंही वर सुनावलं. चहा पिऊन गेला. हिशेबाच्या भाषेत ही मालमत्ता कधीच बुडीत खात्यात गेलीय. पण मी आठ लाख घेऊन आणणार काय? पुन्हा माळाच ना?

पासिंग 2031 पर्यंत आहे. पार्ट मिळत राहतील का, ही धाकधूक असते. आजवर अडलेलं नाही, आणि गाड्यांत हात मुरलेले मेकॅनिक या गावात बरे आहेत.

परवा त्याच भाच्यानं नवी एसयूव्ही घेतली आणि आजीला दाखवायला आणली. सासूबाईंनी तिला ओवाळलं, स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवायला लावलं, "मोठी देखणी आहे रे" म्हणाल्या. मग सगळे वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला निघालो. भाच्यानं दार उघडून धरलं. "आजी, ये ना, पहिली तूच बस."

"तुम्ही व्हा पुढे," म्हणाल्या, आणि काठी टेकत येऊन आमच्या गाडीच्या मागच्या दाराशी उभ्या राहिल्या.