रॉड झिजतात

आमच्या बॅगेत चार वस्तू असतात: टीडीएस (म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर, रॉडचं यंत्र, आरओच्या पाण्याची बाटली आणि ईएमआयचे फॉर्म. फॉर्म बाहेर निघाले की डेमो जमला. पाच वर्षं झाली, मी नाशकात घरोघर वॉटर प्युरिफायर विकतो. पावसाळ्यात सोपं जातं. गोदेचं पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की लोक आपणहून फोन करतात. बाकीचे आठ महिने भीती आम्हालाच पोचवावी लागते.

कारण गंगापूर धरणाचं पाणी मुळात बरं आहे. मी जातो त्या घरांत मीटरवर शंभर-सव्वाशे दाखवतं, आणि मानकाप्रमाणे ५०० पर्यंत चालतं. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने सरकारला सांगितलं होतं की टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओ बंद करा. ट्रेनिंगमध्ये आमचे साहेब म्हणाले, "कुणी ती बातमी काढलीच तर विषय तांब्याच्या कार्ट्रिजवर न्यायचा." मीटर फक्त क्षारांचा अंदाज देतो, जंतू त्याला दिसत नाहीत. जुलाबावर डॉक्टर देतात त्या क्षारसंजीवनीत बुडवा, आकडा दोन हजारांच्या पुढे जाईल. हे ग्राहक विचारत नाही. मला वाटतं साहेबांनाही ठाऊक नसावं. त्यांना टार्गेट सोडून काही ठाऊक असल्याचं मी पाहिलेलं नाही.

पण विक्री मीटरवर होत नाही, रॉडवर होते. एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात आपलं. दोन्हींत लोखंडाचा आणि ॲल्युमिनियमचा एकेक रॉड सोडायचा आणि यंत्र प्लगला लावायचं. ग्लास ग्राहकाच्या घरचेच मागायचे, म्हणजे संशयाला जागा नाही. ग्लास काचेचेच हवेत, स्टीलमध्ये मजा नाही. आपल्या पाण्यात फारसं काही होत नाही. नळाच्या पाण्यात आधी हिरवट धागे सुटतात, मग पाणी तांबूस होतं, वर फेस धरतो, खाली गाळ बसतो. त्या वेळी काही बोलायचं नाही. गप्प राहणं मला छान जमतं; आमच्या टीममध्ये माझ्याइतकं कुणालाच नाही, हे मी अभिमानानेच सांगत आलोय.

तो गाळ लोखंडाचा असतो. नळाच्या पाण्यात क्षार असल्यामुळे वीज वाहते आणि रॉड विरघळतो. आरओच्या पाण्यात क्षार नावालाच, म्हणून वीजही जेमतेम. लोखंडी रॉड झिजून काडीसारखे होतात, ते बदलून मागावे लागतात. घाण पाण्यातली असती तर रॉड का झिजले असते, हा प्रश्न ऑफिसात आजवर कुणी विचारलेला मी ऐकला नाही. मीही नाही.

मार्चमध्ये सिडकोतल्या एका मावशींकडे गेलो होतो. पोळी-भाजीचे डबे करतात, मुलगा अंबडला कंपनीत. ओट्यावर माठ, नळाला फडकं बांधलेलं. डेमो झाला. मी गप्प. मावशी तांबड्या ग्लासाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "यांचं किडनीचंच होतं. मीच पाजलं ना हे पाणी, एकवीस वर्षं."

यावर काय बोलायचं ते ट्रेनिंगमध्ये नव्हतं. तरी हात सवयीने बॅगेकडे गेला. साडेसोळा हजारांचं मशीन, बारा हप्ते. त्यांनी सही केली.

दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मी परत गेलो. ऑर्डर रद्द करायची एवढंच मनात होतं. पुन्हा दोन ग्लास मागितले. या वेळी आपल्या शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि रॉड सोडले. बघता बघता तेही तांबडं झालं, नळाच्या पाण्यापेक्षा जास्त. मग झिजलेला रॉड त्यांच्या हातात दिला. "मावशी, हा गाळ याचा आहे. काकांच्या आजाराचा आणि याचा काही संबंध नाही."

त्यांनी रॉड उलटसुलट करून पाहिला. बाई हुशार. "म्हणजे लोखंड विरघळलं."

"हो."

"म्हणजे मी नाही पाजलं काही."

"नाही मावशी."

पदराने डोळे पुसले, चहा टाकला. मी ऑर्डर रद्द करायचा कागद पुढे केला, तर त्यांनी तो सरकवला. "राहू दे मशीन. समजलं मला सगळं. पण त्या दिवसापासून नळाचं पाणी तोंडाशी नेलं की तो गाळच दिसतो. डब्याची भाजीसुद्धा मी बिसलेरीचा जार आणून करतेय."

एमबीएला कन्झ्युमर बिहेवियरच्या पेपरात पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाचा १९८६ चा प्रयोग होता. निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ रसात बुडवून काढलं. त्यात अपायकारक काही नाही हे माहीत असूनही लोकांना तो रस नकोसा झाला. मी पाच मार्कांसाठी पाठ केला होता. जाहिरात खोटी निघाली की ग्राहक परत फिरतो, असंच मी धरून चाललो होतो. ग्राहक आयोगात दाद मागता येते, १९१५ वर फोन करता येतो, पैसेही कदाचित परत मिळतील. पण मावशींच्या घशाचं काय? मी मिठाने गाळाचं कारण दाखवलं, गाळ काही निघाला नाही. आणि आरओ बरंचसं पाणी वाया घालवतं, म्हणून आता त्या एका ग्लासामागे दोन-तीन ग्लास मोरीत सोडणार, तेही चांगलंच पाणी.

चहा पिताना पाहिलं, फडताळात सहाच्या सेटमधले दोनच ग्लास. पहिल्या दिवशीचे दोन त्यांनी भंगारवाल्याला देऊन टाकले होते. आजचे दोन बेसिनमध्ये पालथे पडले होते, तेही जाणार हे दिसत होतं.

निघताना दारात म्हणाल्या, "भाऊ, हे मीठ त्याच दिवशी का नाही टाकलंस?"

मी म्हणालो, टेक्निशियन उद्या दहा ते बाराच्या दरम्यान येईल.