आधी पाण्याची खोली, मग रंग

डिसेंबरात इकडे मिनेसोटात तळी गोठायला लागतात. गळ टाकायचा तर बर्फाला भोक पाडून बसावं लागतं. म्हणून यंदा पुण्याला जाताना माझी क्रँकबेटची, म्हणजे गळाच्या नकली माशांची, पेटी मी चेक-इनच्या बॅगेत घातली. मामांनी फोनवर दोनदा बजावलं होतं, "तो लाकडाचा मासा घेऊन ये. बघू तरी काय आहे ते."

मामांनी लहानपणी ओंकारेश्वराच्या देवळामागे मुठा नदीत तंगूस आणि गांडूळ घेऊन गळ टाकला आहे. पुढे नदी तशी राहिली नाही, तेव्हा ते पानशेतच्या बॅकवॉटरला जाऊ लागले. मला पाण्याजवळ गप्प बसायला त्यांनीच शिकवलं.

क्रँकबेट म्हणजे बाल्सा लाकडाचा नाहीतर पोकळ प्लॅस्टिकचा मासा. पोटाखाली एक आणि शेपटीशी एक असे दोन तिहेरी गळ. हनुवटीतून पुढे आलेली पारदर्शक पट्टी, तिला लिप म्हणतात. बहुतेक क्रँकबेट पाण्यावर तरंगतात. रीळ फिरवलं की लिपवर पाण्याचा दाब येतो, मासा डोकं खाली घालून बुडी मारतो आणि अंग हलवत पुढे येतो. मामांनी तो तळहातावर घेतला, कानाशी नेऊन हलवला. आतले छर्रे वाजले. "खुळखुळा आहे की रे हा," ते म्हणाले आणि मग बराच वेळ त्या लिपवरून बोट फिरवत राहिले.

त्यांचं बोट बरोबर जागी गेलं होतं. मला तिथे पोचायला एक अख्खा उन्हाळा लागला. परदेशातल्या मासेमारीच्या दुकानात पहिल्यांदा गेलं की भिंतभर रंग दिसतात. लाल, पोपटी, चांदी, नारिंगी पोटाचे, पट्ट्यापट्ट्यांचे. मी रंग बघून बारा घेतले, परवाना काढला आणि मिनेटोंका तळ्यावर चार शनिवार-रविवार उभा राहिलो. एकही बास मासा लागला नाही. शेवटी शेजारच्या आजोबांनी माझी पेटी उघडली, सगळे क्रँकबेट लिपच्या लांबीप्रमाणे ओळीने लावले आणि सांगितलं की तुझ्याकडे बारा रंग आहेत, पण खोली एकच आहे. बाराही तीन-चार फूट खोल पोहणारे होते आणि खरे मासे बारा फुटांवर होते.

तेव्हापासून मी आधी खोली बघतो. लिप आखूड, चौकोनी आणि खाली झुकलेली असेल तर क्रँकबेट तीन ते पाच फुटांवर चालतो. काठच्या दगडांत आणि बुडालेल्या झाडांच्या खुंटांत हा उत्तम, कारण चौकोनी कोपरे अडथळ्यावर आपटून अंग बाहेर काढतात. लिप लांब, रुंद आणि अंगाच्या रेषेत सरळ पुढे आलेली असेल तर पंधरा-वीस फूटसुद्धा जातो. मधल्या लांबीचा आठ ते बारा फूट. लिप नसलेलाही एक प्रकार असतो, तो बुडतो, मग पाच-सहा मोजून हव्या त्या खोलीवर ओढायला लागायचं.

खोक्यावर छापलेल्या आकड्यावर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नका. तंगूस जाड असेल तर पाण्याचा विरोध वाढतो आणि मासा वरच राहतो. बारीक असेल तर खाली जातो. फेक आखूड पडली तरी तो वरच राहतो. बुडी मारून पूर्ण खोली गाठायला त्याला अंतर लागतं, म्हणून जिथे खरा मासा असेल असं वाटतं त्याच्या बरंच पलीकडे फेकायचं. काठी थोडी मऊ, सात फुटांच्या आसपासची बरी. कडक काठीने झटका दिला तर लहान तिहेरी गळ माशाच्या तोंडातून फाटून सुटतात.

रंगाचं थोडक्यात सांगतो. स्वच्छ पाण्यात चांदी, राखाडी, तिथल्या लहान माशांसारखं काहीतरी. गढूळ पाण्यात काळ्या पाठीचा पोपटी. इकडे वसंतात पाणी गार असताना लालसर तपकिरी चालतो, कारण तेव्हा मासे तळातले झिंगे खात असतात. गार पाण्यात बारीक थरथरणारा घ्यावा, उन्हाळ्यात अंग जोरात फेकणारा.

या सगळ्याचं मूळ फार साधं आहे. फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ मध्ये बाटलीच्या बुचासारख्या बुचातून मासा कोरला. त्यावर चॉकलेटची चांदी चढवली आणि वर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लेप दिला. त्याने तळ्यात पाहिलं होतं की शिकारी मासा थव्यातल्या लंगडणाऱ्या पिल्लावर आधी झडप घालतो. अमेरिकेत टेनेसीच्या फ्रेड यंगने हाताने बाल्साचे गुबगुबीत मासे कोरले आणि भावाच्या टोपणनावावरून त्यांना 'बिग ओ' म्हटलं. रापालाने आधी मासा बघितला, मग चाकू हातात घेतला. मला याचं फार अप्रूप वाटतं.

तर पानशेत. मामांनी ओळखीच्या ठेकेदाराला आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं. धरणातल्या मासेमारीचे ठेके दिलेले असतात, तेव्हा न विचारता काठी घेऊन उतरू नये. सकाळी थर्मासमधला चहा घेऊन आम्ही उतारावर उभे राहिलो. मी विचारलं, "मामा, इथे पाणी किती असेल?"

"त्या बाभळीच्या समोर दोन पुरुष. पुढे एकदम पडतं. मधे दगडी बांध आहे, आडवा. मे महिन्यात मी त्याच्यावर बसून डबा खाल्लाय."

दोन पुरुष म्हणजे अकरा-बारा फूट. मी मधल्या लिपचा, तपकिरी पाठीचा काढला आणि काठी त्यांच्या हातात दिली. पहिल्या फेकीत क्रँकबेट डावीकडे पळत आला. असं झालं की नाकावरची तारेची कडी पकडीने अगदी किंचित उजवीकडे वाकवायची, केसाइतकी. दोनदा वाकवल्यावर तो सरळ चालायला लागला. तिसऱ्या की चौथ्या फेकीला मामा थबकले.

"टकटक होतंय."

"थांबा. ओढू नका. लिप दगडाला लागलीय. तंगूस सैल सोडा, तो आपोआप वर येईल."

तळाला लागेल, अडकेल म्हणून नवखा माणूस घाबरून वरून ओढतो आणि खरा मासा तर तिथे तळाशीच असतो. लिप दगडावर आपटते, क्रँकबेट तिरका उडतो, क्षणभर थांबतो, वर तरंगायला लागतो. झडप बहुतेक त्याच क्षणी येते. मामांनी पुन्हा हळू फिरवलं. डोळे मिटून घेतले होते. "हा बांध," ते म्हणाले. "आता त्याच्या वरून आला. आता मोकळं." आणि मग काठी वाकली.

वीतभराहून थोडी मोठी महसीर होती. मोठे खवले, त्यांवर सकाळचं ऊन. लोणावळ्याला वळवणमध्ये टाटांच्या केंद्रात वर्षानुवर्षं महसीरची पिल्लं वाढवून तलावांत सोडतात. त्यामुळे तिला पिशवीत घालायचा प्रश्नच नव्हता. गळाचे उलटे काटे मी घरीच पकडीने दाबून ठेवले होते, त्यामुळे गळ लगेच निघाला. मामांनी हात ओले करून तिला पाण्यात धरलं आणि ती स्वतःहून निघेपर्यंत सोडलं नाही.

एक सांगून ठेवतो. जलपर्णी आणि शेवाळात मरळ शोधायला निघाला असाल तर क्रँकबेट घरी ठेवा. तिहेरी गळ प्रत्येक फेकीला पाला घेऊन येतील. तिथे रबरी बेडूक बरा.

तपकिरी क्रँकबेट मामांनी ठेवून घेतला. परवा त्यांचा फोन आला. बांधाच्या पुढे पाणी जिथे पडतं तिथे जुनी विहीर आहे म्हणाले. मे महिन्यात पाणी उतरलं की पावलांनी आणि दोरीने मोजणार आहेत. आकडा आला की त्या मापाची लिप मी इकडून पाठवायची आहे.