‘या घेऊन’ असं मी फोनवर म्हणालो

मे महिन्यातली दुपार, नाशिकच्या इंदिरानगरमधल्या सरांचा फोन, "मिस्त्री, दोन दिवस गाडीत पेट्रोलचा वास येतोय." सर रिटायर्ड मास्तर, गाडी ९८ सालची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुना भाग असलेली. माझ्या हातात दुसऱ्या गाडीचा क्लच होता, म्हटलं या घेऊन, आणि फोन ठेवला. ते दोन शब्द अजून डोक्यातून जात नाहीयेत.

माझं गॅरेज काठे गल्लीच्या पुढे. म्हणजे सर मुंबई नाका, द्वारका करत भर ट्रॅफिकमधून आले. गाडी दारात थांबली तर बॉनेटखालून टपटप चालू, वास लांबूनच येत होता. आमचा पोरगा हँडलॅम्प घेऊन गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्याकडे निघालेला, गाडी त्यावर घ्यायची म्हणून, त्याच्यावर मी एवढ्या जोरात ओरडलो की तो जागच्या जागी उभा राहिला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचते. हवेत दीड टक्का झाली तरी पेटायला पुरे. त्यात बल्बवाला हँडलॅम्प हातातून पडून फुटला तर संपलंच. एलईडीचा बंद दिवा आणायचं माझंच राहून गेलं होतं, दुसऱ्या दिवशी आणला.

सरांना उतरवलं, चावी काढली, गाडी न्यूट्रलला टाकून ढकलत मोकळ्या पटांगणात नेली. शेजारच्या चहावाल्याला गॅस बंद करायला सांगितलं, त्याने एक शब्द न बोलता केला. पण रस्त्यावरचे बघे! एकजण सिगारेट पेटवूनच पुढे येत होता, दुसरा म्हणे साबण लावा ना भाऊ. अहो साबण टाकीच्या बारीक चिरेला रस्त्यात तात्पुरता लावतात, तोही धक्क्याने निघतो, पाइपला काय लावणार.

बॅटरीची घाई पण करू नये. वायर काढताना ठिणगी पडू शकते, म्हणून बॉनेट उघडून वारा लागू दिला, पंधरा-वीस मिनिटं थांबलो, लाइट-पंखा सगळं बंद आहे ना बघितलं, मग आधी निगेटिव्ह काढली. आग विझवायचा पावडरचा सिलिंडर आणि वाळूची बादली हाताशी. पाणी नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगत आग घेऊन पसरतं.

मग सापडलं. पंपाकडून कार्बोरेटरला जाणाऱ्या रबरी पाइपचा अर्धा तुकडा कोणीतरी कापून तिथे पारदर्शक प्लास्टिकची नळी घातलेली, हार्डवेअरच्या दुकानात पाण्यासाठी मिळते ती, आणि क्लॅम्पच्या जागी बाइंडिंग वायर पिळलेली. नळी उष्णतेने काचेसारखी कडक झालेली, वायरने चिरलेली. उरलेला रबर दुमडून बघितला तर सगळीकडून तडे. आजकाल सगळे इथेनॉलला शिव्या देतात, जुन्या रबराला वीस टक्केवालं पेट्रोल सोसत नाही हे खरं आहे, पण इथे काम ज्याने केलं त्याने केलंय. वीस-पंचवीस रुपये वाचवायला त्याने एका म्हाताऱ्या माणसाला पेटत्या इंजिनावर बसवलं, मला याचा आजही राग येतो.

पुढचे, मागचे, जादा पेट्रोल टाकीत परत नेणारे रिटर्नचे, सगळे पाइप बदलले, पाइपवर इंधनाचा आहे असं छापलेलेच, पाण्याचा नाही. कडा नीट दाबणारे क्लॅम्प लावले, बॅटरी जोडली, इंजिन चालू करून प्रत्येक सांध्याखाली पांढरा कागद धरला. कोरडा. सांडलेल्यावर वाळू टाकली, गटारात काही जाऊ दिलं नाही.

पैसे देताना सर सहज म्हणाले, मुंबई नाक्याला गाडी दोनदा बंद पडली, दोनदा सेल्फ मारला तेव्हा चालू झाली. मी काहीच बोललो नाही. खालून गळतंय आणि दोनदा सेल्फ, आणि मी इकडे क्लच जोडत बसलेलो.

पंधरा दिवसांनी परत फोन, वास येतोय. म्हटलं सर चावीला हात लावू नका, मीच येतो. स्कूटरवर गेलो. पाइप सगळे कोरडे. सरांनी आदल्या दिवशी टाकी फुल केली होती, आणि पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंतचा जाड रबर वरच्या बाजूने फाटलेला, टाकी भरली की तिथून पाझरतो, अर्धी असली की कळतच नाही. तो मी बघितलाच नव्हता.