झाडी, भिंत, नदी आडवी आली की तुकडी किती घरं चालते?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. इंदुरात राजेंद्रनगरला खेळ मांडा नाहीतर रामबागेत, षट्कोनी घरांचा युद्धपट उघडला की नव्या खेळाडूचा प्रश्न ठरलेला: ‘पायदळाला दोन घरं चालता येतं ना? मग जंगलात शिरल्यावर थांबवता का? आणि भिंतीचे वेगळे गुण का मोजता?’

गोंधळ होतो तो सगळ्या अडथळ्यांना एकाच मापाने मोजल्यामुळे. अडथळा घरात शिरण्याची किंमत वाढवतो, किंवा दोन घरांमधली कड ओलांडण्याची किंमत वाढवतो, किंवा चाल तिथेच संपवतो. यातलं नेमकं काय होतंय, ते सोंगटी उचलण्याआधी बघायचं.

‘मेम्वार ४४’ (२००४) हा खेळ मुख्यतः थांबवण्यावर चालतो. पायदळ दोन घरांपर्यंत जातं, रणगाडे तीन. पायदळ दोन घरं चाललं तर त्या पाळीत लढत नाही. जंगलाच्या किंवा गावाच्या घरात शिरलात की थांबायचं, आणि त्या पाळीत लढाईही नाही. मात्र पाळीच्या सुरुवातीला तुकडी जंगलातच उभी असेल, तर बाहेर पडताना कुठलंही बंधन नाही. इथे बरेच जण बाहेर पडण्याचीही किंमत लावतात आणि आपलीच तुकडी अडकवून ठेवतात. कुंपणाच्या दाट झाडीचा नियम कडक आहे: आधीपासून शेजारच्या घरात असाल तरच आत जाता येतं, गेल्यावर थांबायचं, त्या पाळीत लढायचं नाही आणि निघताना फक्त लगतच्याच घरात जायचं. टेकडी चालीला अजिबात अडवत नाही, ती नजर अडवते. नजरेचा नियम चालीला लावणं ही सर्रास होणारी चूक आहे.

नदी पुलाशिवाय ओलांडता येत नाही. हे काहींना फार जाचक वाटतं, मला अगदी योग्य वाटतं. आपल्या माळव्यातलंच बघा. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांची फौज क्षिप्रेच्या काठावर उभी होती, आणि इंग्रजांना तोफांच्या माऱ्यात, पाणी उथळ असलेल्या उताराच्या जागेवरूनच पलीकडे यावं लागलं. फौज नदी हवी तिथून ओलांडत नाही. पटावर ते दिसायलाच हवं.

‘ॲडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर’ (१९८५) या दुसऱ्या युद्धपटात मात्र प्रत्येक पावलाला गुण मोजावे लागतात. एका स्क्वॉडकडे, म्हणजे पायदळाच्या छोट्या तुकडीकडे, चालीचे ४ गुण. मोकळ्या घराला १, जंगलाला २, इमारतीला २, उभ्या पिकाच्या शेताला दीड. भिंत किंवा कुंपण ओलांडलं तर वर १. समजा, स्क्वॉड एक मोकळं घर चालला: १ गुण गेला. पुढे भिंत ओलांडून दुसऱ्या मोकळ्या घरात आला: १ अधिक १, म्हणजे एकूण ३. उरला १, आणि समोर जंगल. त्याला २ लागतात, तेव्हा नेहमीच्या चालीने आत जाता येत नाही. उरलेला गुण पुढच्या पाळीसाठी शिल्लकही राहत नाही.

इथे कुठल्या कडेवरून आत आलात यावर सगळं अवलंबून असतं. जंगलातून रस्ता जात असेल आणि तुम्ही रस्त्याच्या कडेवरून शिरलात, तर १ गुण. त्याच घरात दुसऱ्या कडेवरून शिरलात तर २. भिंतही कडेची असते, घराची नव्हे. ती न ओलांडता दुसऱ्या बाजूने त्याच घरात आलात, तर जादा गुण लागत नाही.

झाडांचं किंवा इमारतीचं चित्र घराच्या कडेला टेकत नसेल, तर पायदळाला त्या कडेने वळसा घालून जाता येतं. सभोवती मोकळी जमीन असेल तर २ ऐवजी १ गुण. पण वळसा घालताना झाडीचा आडोसा मिळत नाही, गोळीबार उघड्यावर झेलावा लागतो. चित्र टेकतंय की नाही यावरून वाद होतात म्हणून दोघांनी सोंगटी हलवण्याआधी नकाशावर वाकून ठरवावं, फासे पडल्यावर नाही.

किंमत वाढली की धोकाही वाढतो. एखाद्या जागी जितके गुण खर्च होतात, तितक्याच वेळा एकच शत्रू तुकडी त्या जागी तुमच्यावर गोळीबार करू शकते. मोजणीतली चूक म्हणूनच खपवून घेऊ नये.

शंका आली तर आधी त्या प्रसंगाच्या, म्हणजे खेळायला घेतलेल्या लढाईच्या, पानावरचे खास नियम वाचा, मग भूप्रदेशाचा तक्ता, शेवटी सर्वसाधारण नियम. खास नियम वरचढ.

माघारीचं मात्र वेगळं. ‘मेम्वार ४४’ मध्ये माघार घेणारी तुकडी जंगलात थांबत नाही, झाडी तिला अडवत नाही. नदीसारखं ओलांडता न येणारं घर किंवा दुसऱ्या तुकडीने व्यापलेलं घर तेवढं अडवतं. मागे जायला वाट उरली नाही, तर जितकी घरं मागे जाता आलं नाही तितके त्या तुकडीतले मोहरे पटावरून उचलायचे.