घारीची शिकवणी

कॅमेरा घेतल्यावर पहिल्या रविवारी पुण्याजवळच्या कवडीपाटला मी उडत्या घारींचे ६१२ फोटो काढले आणि रात्री जेवणं आटपल्यावर ६१२ च्या ६१२ पुसून टाकले. निम्म्यांत नुसतं आकाश. काहींत कोपऱ्यातून निसटणारी शेपटी. उरलेल्यांत घार अख्खी होती खरी, पण कोळशाने काढल्यासारखी. डोळा नाही, पिसं नाहीत, नुसता आकार.

कॅमेरा घेताना डोक्यात लग्गड होता, बहिरी ससाणा होता, हिवाळ्यात माळावर येणारा भोवत्या होता, असे रुबाबदार शिकारी पक्षी. घार कुणाच्याच यादीत नसते. कवडीपाटला चक्रवाक बघायला आलेल्यांच्या डोक्यावरून दहा-दहा घारी जातात, पण कुणी मान वर करत नाही. तिथेच बंधाऱ्यावर भेटलेल्या एका जुन्या पक्षीवाल्या काकांनी माझे फोटो पाहिले आणि म्हणाले, "घारीचा फ्लाइट शॉट, उडतानाचा फोटो, नीट येईपर्यंत माळावर जाऊन पेट्रोल जाळू नकोस." मला राग आला. तरी पुढचे तीन महिने मी घारीच काढल्या.

सामान साधंच होतं. क्रॉप (लहान) सेन्सरची बॉडी आणि सेकंडहँड १५०-६०० झूम लेन्स, लेन्सच दोन किलोच्या आसपास. पहिली अडचण पक्षी चौकटीत सापडण्याचीच. ६०० वर ठेवून आकाशात घार शोधणं म्हणजे नळकांड्यातून माशी शोधणं. म्हणून २०० वर पक्षी धरायचा, फोकस बसू द्यायचा आणि मगच झूम करायचं, अशी सवय लावून घेतली. फोकस कंटिन्युअसवर, म्हणजे हलत्या पक्ष्यामागे सतत जाणारा, कोपर बरगडीला टेकलेलं, वळायचं ते कमरेतून. वारज्यात आमच्या गच्चीवर रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं. खालच्या मजल्यावरच्या आजी कपडे काढायला आल्या की विचारायच्या, "काय गं, गावली का घार?" १/८०० सेकंदाच्या शटरला पंखांची टोकं पुसट यायची, १/२५०० ला थांबली. इथवर फक्त हात दुखले.

डोकं दुखलं ते उजेडाने. कॅमेरा बापडा अख्ख्या चौकटीतल्या उजेडाचा अंदाज घेतो. घारीमागे पांढरंफटक आकाश असलं की त्याला वाटतं, फार उजेड झाला, आणि तो सगळंच काळवंडून टाकतो. आधीच तपकिरी असलेली घार त्यात पार काळी होऊन जाते. उपाय सापडला, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१.३, म्हणजे कॅमेऱ्याच्या अंदाजापेक्षा फोटो मुद्दाम उजळ घ्यायचा. आता दुभंगलेल्या शेपटीतलं एकेक पीस वेगळं दिसायला लागलं, मान खाली वळवून बघणाऱ्या घारीचा डोळा दिसायला लागला. मी खूश झाले आणि त्याच खुशीत जानेवारीत सासवडच्या पुढे माळावर गेले.

तिथे कापशी होती, घारीहून लहान शिकारी पक्षी. पोट पांढरंशुभ्र, पाठ राखाडी, खांद्यावर काळा डाग. ती हवेत एका जागी पंख मारत थांबली होती, मागे काळपट डोंगर. असा प्रसंग पुन्हा यायचा नाही म्हणून मी बोट दाबूनच धरलं. घरी येऊन बघते तर प्रत्येक फोटोत पक्ष्याच्या जागी पांढरं भोक. +१.३ तसंच राहिलं होतं. कॅमेऱ्याच्या मूळ, कच्च्या रॉ फाइलमधूनही काही हाती लागलं नाही. त्या रात्री मी स्वयंपाकही केला नाही, खिचडी नवऱ्याने टाकली.

घारीला वाढवायचं, कापशीला कमी करायचं, आणि तीच कापशी डोंगरासमोरून आकाशात गेली की परत फिरवायचं, हे झेपणार कुणाला? काकांना फोन केला. ते म्हणाले, "मागचं आकाश बदललं. पक्ष्यावरचं ऊन बदललं का?"

मी फोटोग्राफीच्या कोर्सला पैसे मोजले होते. तिथे हे कुणी इतक्या सरळ सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून मॅन्युअल, म्हणजे उजेडाचे आकडे कॅमेऱ्याने नाही, मी ठरवायचे. माळावर पोचलं की उन्हातल्या वाळक्या गवतावर कॅमेरा रोखून आकडे ठरवायचे. सकाळी साडेआठच्या उन्हात माझ्याकडे साधारण लेन्सचं छिद्र एफ ६.३, शटर १/२५००, सेन्सरची संवेदनशीलता आयएसओ ६४० येतं. पांढरी पिसं जळू नयेत म्हणून कापशीला त्याहून थोडं कमी. मग पक्षी डोंगरासमोर असो नाहीतर ढगासमोर, कॅमेऱ्याच्या चाकाला हात लावायचा नाही. ऊन ढगाआड गेलं तरच पुन्हा बघायचं.

एक उगाच झालेला खर्चही सांगते. दहानंतर काढलेले माझे सगळे फोटो मऊ, म्हणजे पुसट, यायचे. लेन्सचा फोकस सरकलाय म्हणून मी ती दुकानात देऊन आले, पैसे भरले, आठवडाभराने घेऊन आले. फोटो तसेच. लेन्स ठणठणीत होती. माळ तापला की जमिनीलगतची हवा थरथरते आणि लांबचा पक्षी त्या थरथरीतूनच दिसतो. तव्यावरच्या वाफेतून पलीकडचं वाचायचा प्रयत्न केल्यासारखं. आता दहाला मी कॅमेरा पिशवीत घालते आणि मिसळ खायला जाते.

वाऱ्याचं मात्र एका मेंढपाळ आजोबांनी दाखवलं. चार रविवार मी डांबरी रस्त्याच्या कडेला उभी राहून कापशीची वाट बघत होते आणि दर वेळी मला तिची पाठ नि शेपूट मिळत होती. आजोबा मेंढरं घेऊन चालले होते. थांबून म्हणाले, "ताई, हितनं तुम्हाला तिचं तोंड दिसायचं न्हाई. ती वाऱ्याकडं तोंड करून उठती. तिकडनं या, बाभळीच्या अंगानं."

बरोबरच होतं ते. पक्षी उठताना, उतरताना आणि हवेत थांबताना वाऱ्याला तोंड देतो. त्या दिवशी वारा पूर्वेकडून होता आणि सूर्यही तिकडेच. म्हणजे दोघांना पाठीशी घेऊन मी पूर्वेला बसायला हवं होतं आणि बसले होते बरोबर उलट्या बाजूला. गाडी रस्त्यावरच ठेवून लांबून वळसा घातला. (माळात गाडी घालणाऱ्यांचं मला कळत नाही. टिटवी, धाविक यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात, चाकाखाली आलेली कळतही नाहीत.) बाभळीपासून साठेक पावलांवर एका झुडपाशी बसकण मारली.

कापशी शेंड्यावर होती. वीस मिनिटं ती नुसती मान इकडेतिकडे करत होती. मग जरा पुढे झुकली, शेपटी उचलली आणि शिटली. काकांनी हेही सांगून ठेवलं होतं, उडायच्या आधी हलकी होते. मी बोट बटणावर नेलं.

ती सरळ माझ्या दिशेने आली. गवतावर आली नि थांबली, पंख जोरजोरात चालू, पण डोकं खिळा ठोकल्यासारखं एका जागी. मग पंख वर धरून पायरी-पायरीने खाली येत गेली आणि गवतात गडप झाली. वर आली तेव्हा पायात उंदीर होता. ४१ फोटो, त्यातले सहा एकदम सुस्पष्ट.

मेंढरं एव्हाना पांगली होती, तरी आजोबा उभेच होते. मी त्यांना मागच्या स्क्रीनवर मोठा करून दाखवला. त्यांनी हाताने सावली धरली आणि बराच वेळ बघितलं.

"हिचा डोळा लाल असतोय व्हय? एवढी वर्सं बघतोय, ठावं न्हवतं."