बद्द वाजलेले दहा

मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो. एसजी आयर्नचं, म्हणजे आत गोल ग्रॅफाइट असलेल्या लोखंडाचं, कास्टिंगही तसंच बघता येतं. तारेच्या आकड्याला टांगायचं आणि लहान हातोडीनं एक टोला द्यायचा. माल चांगला असेल तर आवाज घुमत राहतो. बिघडलेला असेल तर बद्द वाजतो आणि जागीच मरतो. अल्ट्रासॉनिक यंत्र तेच आकड्यांत सांगतं: चांगल्या एसजीतून ध्वनी सेकंदाला साधारण ५६०० मीटर जातो, बिघडलेल्यात हा वेग घसरतो. आमच्या फेटलिंगमधल्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणाऱ्या खात्यातल्या, तात्यांना यंत्र लागत नाही.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, सकाळी सातपासून कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आम्ही असे ६१२ ब्रॅकेट टांगून वाजवत होतो. क्वालिटी बघणारा मी, तात्या आणि फेटलिंगची अकरा माणसं. त्याच वेळी माझी मुलगी पांढरा फ्रॉक घालून, हातात झावळी धरून मंडळीच्या मिरवणुकीत ‘होसान्ना’ म्हणत चालली होती. बायकोनं फोटो पाठवला. हातमोजा काढून तो पाहिला आणि पुन्हा हातोडी उचलली. आमच्या कारखान्याला सुट्टी सोमवारी असते. त्यामुळे गेली कैक वर्षं रविवारच्या उपासनेला मी वर्षातून चार-पाच वेळाच जायचो. यंदा झावळ्यांच्या रविवारची रजा महिनाभर आधी मंजूर करून घेतली होती. शनिवारी संध्याकाळी पुण्याच्या ग्राहकाचा फोन आला आणि ती गेली.

तिकडे ट्रॅक्टरच्या जुळणीत बोल्ट आवळताना आमचा एक ब्रॅकेट तडकला होता. त्यांनी कापून मायक्रोस्कोपखाली धरला तर आतलं ग्रॅफाइट गोल नव्हतंच, किड्यांसारखं लांबट. त्यावरचा हीट कोड, म्हणजे कुठल्या वेळच्या वितळलेल्या लोखंडाचा माल ते सांगणारा आकडा, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातला होता. मधे ऑर्डर थांबल्यामुळे तो माल दोन महिने पडून होता. कोड ऐकला आणि मला रजिस्टर उघडून बघायची गरजच पडली नाही.

ज्यांनी फौंड्री पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण सगळी गोष्ट या दहा मिनिटांत अडकलेली आहे. लोखंडातलं ग्रॅफाइट गोल व्हावं म्हणून त्यात मॅग्नेशियम घालावं लागतं. मॅग्नेशियम उकळतं १०९० अंशांच्या आसपास आणि आमचं लोखंड असतं १४५०च्या वर. म्हणजे ते पाण्यात साखर विरघळावी तसं विरघळत नाही, भडकतं. लॅडलच्या, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायच्या भांड्याच्या, तळाच्या खोबणीत मॅग्नेशियमचा मिश्रधातू ठेवायचा, वर पंचिंगचा, म्हणजे लोखंडी पत्र्याच्या तुकड्यांचा, थर द्यायचा आणि मग भट्टी कलती करायची. पांढराशुभ्र लखलखाट होतो. बावीस वर्षं झाली, तो बघायला मी अजूनही थांबतो. त्या लखलखाटापासून घड्याळ सुरू होतं, कारण मॅग्नेशियम सतत उडून जात असतं. दहा मिनिटांत लॅडल रिकामं झालं पाहिजे. उरलं तर ते पिग करायचं, म्हणजे पुन्हा वितळवायला बाजूला ओतून टाकायचं, मालाच्या साच्यात ओतायचं नाही. आणि प्रत्येक लॅडलच्या शेवटच्या साच्यातला नमुना कापून, पॉलिश करून शंभर पटीत बघायचा. शेवटचा चांगला तर आधीचे सगळे चांगले. गोल ग्रॅफाइट किमान ८५ टक्के हवं.

जानेवारीतल्या त्या रात्री लॅडल उचलणारा होइस्ट अडकला. लॅडल हवेत लटकून राहिलं. शेवटचे पाच साचे ओतून होईतो चौदा मिनिटं झाली होती. ओतणारा ठेकेदाराचा विशीतला पोरगा होता आणि ‘पिग कर’ असं त्याला कुणी सांगितलं नाही. एका साच्यात दोन, म्हणजे दहा ब्रॅकेट. नमुना माझ्या टेबलावर आला तेव्हा साडेनऊ वाजले होते. मी रिपोर्टात ‘९० टक्के’ लिहिलं आणि सही केली. मायक्रोस्कोपचा दिवासुद्धा लावला नव्हता.

आता त्या दिवसांबद्दल. दिवाळीनंतर केव्हातरी सुरू झालं. सकाळी गेटसमोर गाडी लावून मी दहा-पंधरा मिनिटं तसाच बसायचो. रात्री झोप नाही. मायक्रोस्कोपात डोळा लावला की ठिपके हलायला लागायचे, मोजून होईनात. एका महिन्यात तीन ऑडिट झाली. ऑडिटवाले फाईल बघतात, माणूस बघत नाहीत. डॉक्टरांनी रक्तदाब, थायरॉइड, साखर सगळं तपासलं, सगळं ठीक. मग म्हणाले, याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये याची दखल घेतली, खरं आजार म्हणून नव्हे, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. अंगातलं त्राण जाणं, कामाबद्दल तुटलेपण आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं, ही तिची तीन लक्षणं. तिन्ही माझी. आजार नाही म्हटल्यावर रजेच्या अर्जात लिहायचीही सोय नाही.

पण डॉक्टरांना न सांगितलेली एक गोष्ट होती. कारखान्यात मी एकटाच ख्रिस्ती. रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, त्यांच्या मिशनच्या बोर्डिंगात माझे आजोबा पुढं कधीतरी शिकले आणि आमच्या घरात अक्षर आलं. कारखान्यात मला ‘फादर’ म्हणतात. मी प्रोटेस्टंट, आमच्यात फादर नसतात, हे सांगायचं मी कधीच सोडून दिलं. मालक ग्राहकांना माझी ओळख करून देताना म्हणायचे, ‘हा आमचा ख्रिश्चन माणूस, खोटी सही करणार नाही.’ मला ते आवडायचं. भयंकर आवडायचं. हळूहळू ते वाक्य म्हणजेच मी झालो. एक कास्टिंग रिजेक्ट झालं तरी आजोबांपासून सगळ्यांची मान खाली जाईल अशा थाटात मी जगत होतो. इथं क्वालिटीची चाड मला एकट्यालाच, बाकी सगळ्यांना टनाशी मतलब, हे मी रोज रात्री बायकोला ऐकवायचो. तिनंच फेब्रुवारीत पाळकसाहेबांना घरी बोलावलं, मला न विचारता.

ते आले, चहा घेतला. मला वाटलं आता ‘विश्वास कमी पडतोय’ वगैरे ऐकावं लागणार. त्यांनी एलीयाची गोष्ट काढली, १ राजे, १९वा अध्याय. एवढा मोठा संदेष्टा, रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येतो आणि काय करतो? भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो, झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला देतो. उपदेश नाही, रागावणं नाही. ‘तुम्ही शेवटचे आठ तास कधी झोपलात?’ त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. निघताना दारात चपला घालताघालता म्हणाले, ‘बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशवाणी झाली, हा माझा पुत्र, मला परमप्रिय. तोवर येशूनं एकही चमत्कार केला नव्हता बरं का.’ आणि गेले.

मी चार दिवसांची रजा घेतली आणि अक्षरशः झोपलो. जेवायला उठायचो, पुन्हा झोपायचो. नंतर तो अध्याय स्वतः वाचला. एलीया देवाकडे दोनदा तीच तक्रार करतो, मीच एकटा उरलो आहे. देव त्याला रागावत नाही. पुढची कामं सांगतो आणि सांगतासांगता एक आकडा देतो, सात हजार. बाल या दैवतापुढं गुडघे न टेकलेले सात हजार अजून आहेत. मी आकड्यांचा माणूस, तो आकडा डोक्यात बसला. मार्चपर्यंत गेटसमोरचं बसणं थांबलं होतं. ठिपके हलायचे थांबले होते.

आणि मग हा फोन.

रविवारी साडेअकरापर्यंत चार बद्द सापडले होते. चहाला थांबलो तेव्हा मी तात्यांना म्हटलं, सुट्टीच्या आदल्या दिवशी तुम्हाला राबवतोय, माझ्यामुळं. त्यांनी बशीतला चहा संपवला.

‘सायेब, माल तुमी एकटंच बघताय असं वाटतंय व्हय तुमास्नी?’

मला कळलं नाही.

‘बद्द वाजल्यालं मी म्होरं सोडतच न्हाई. परत भट्टीकडं टाकतो. धा-बारा वर्सं झाली. त्या आठवड्यात पोरीचं लगीन हुतं, मी रजेवर.’

हे रजिस्टरमध्ये कुठंच नव्हतं. कुठल्याच ऑडिटला ते दिसलं नव्हतं, मलाही नाही. गेली दहा-बारा वर्षं माझ्या टेबलाआधी एक माणूस बिनबोभाट हातोडी घेऊन उभा होता आणि मी घरी जाऊन ‘मीच एकटा’ म्हणत होतो. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तात्यांना वाटलं धूळ गेली, त्यांनी पाणी आणून दिलं.

दीड वाजेपर्यंत सात सापडले. पुण्यात तडकलेला धरून तीन, इथं सात. दहाचा हिशोब लागला. या धंद्यात असा नेमका हिशोब क्वचित लागतो. दोन महिन्यांपूर्वीच्या पाच साच्यांतला माल नगाला नग सापडणं म्हणजे काय, ते फौंड्रीवाल्यालाच कळेल.

दोन वाजता मालकांच्या केबिनमध्ये बसलो. ग्राहकाला आठ-डी रिपोर्ट द्यायचा होता: चूक का झाली, परत होऊ नये म्हणून काय केलं. आमच्या पट्ट्यातले आठ-डी वाचलेत तर तुम्हाला वाटेल, महाराष्ट्रातल्या प्रत्येक चुकीचं कारण एकच आहे, ‘ऑपरेटरचं अज्ञान’, आणि प्रत्येक उपाय एकच, ‘ट्रेनिंग दिलं’. प्रॉडक्शनवाल्यांनी तेच सुरू केलं. त्या पोरानं वेळ संपल्यावर ओतलं, त्याला काढून टाकू, फोटो लावू. नमुना कुठल्यातरी दुसऱ्या हीटचा दाखवू.

मी म्हटलं, ‘नमुना बरोबरच आला होता. मी बघितला नाही. न बघता सही केली.’

पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मालकांनी विचारलं, ‘तू?’ नुसतं तेवढंच. ‘ख्रिश्चन माणूस’ हे त्या केबिनमध्ये शेवटचं केव्हा ऐकलं ते मला आता आठवत नाही. माझा वर्षाचा इन्सेंटिव्ह गेला, ग्राहकाची डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची वसुली, आली ती वेगळी. पोरगा राहिला. होइस्टला आता भोंगा आहे, नऊ मिनिटांनी वाजतो.

मी अजून विचार करतोय तो वेगळ्याच गोष्टीचा. बोलताना मला भीती वाटली नाही. हा विश्वास होता, की खोटं रचायला लागणारी शक्तीच उरली नव्हती? आणि अर्धंच सांगितलं हेही आहे. न बघता केलेली ती एकच सही नव्हती. सहा महिने राखून ठेवलेल्या नमुन्यांतले तेवीस मी पुढच्या दोन सोमवारी एकट्यानं पुन्हा पॉलिश करून पाहिले. सगळे ८५च्या वर निघाले. ते मी कुणाला सांगितलं नाही, इथं पहिल्यांदा लिहितोय. पाळकसाहेबांनाही अजून सांगायचं आहे.

त्या रविवारी संध्याकाळच्या उपासनेला मी थेट कारखान्यातून गेलो. नखांत काळं होतं, शर्टाला वाळूचा वास. शेवटच्या बाकावर बसलो. पहिलं गीत आठवतं, त्यानंतरचं काही नाही. उपदेश कशावर होता हे बायकोला विचारलं तर म्हणाली, ‘मला तरी कुठं कळलंय? तू घोरत होतास.’