निजून पाहिलेली नाटकं

रविवारी दुपारी चारचा प्रयोग. दोन अंकी, गंभीर, भरपूर बक्षिसं मिळवलेलं नाटक. प्रेक्षक घरून वरणभात जेवून आलेले, वर नाट्यगृहाचा एसी. पहिला अंक जेमतेम रंगात आला होता आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या काकांची मान हळूहळू डाव्या खांद्यावर उतरली. काकूंनी कोपर मारलं. मान ताठ झाली, दोन संवाद ऐकले, पुन्हा उतरली. पुन्हा कोपर. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत काकू म्हणाल्या, "एवढे पैसे मोजून झोपायला आलात होय?" काका वड्याकडे बघत काहीतरी पुटपुटले.

मला काकांची बाजू घ्यावीशी फार वाटली. पण नवराबायकोच्या भांडणात आणि वड्याच्या रांगेत मध्ये घुसू नये.

नाटक म्हणजे टक्क डोळे उघडे ठेवून बघायचं, हा आग्रह मला कळतो. पण मी नाटक बघायला शिकलो तेच मुळी निजत निजत. आजोळ वेंगुर्ल्याकडचं. तिकडे कार्तिकी झाली की जत्रा सुरू. आज या गावची, उद्या त्या. जत्रा म्हणजे देवीची ओटी, खाजाची दुकानं, गरम भजी, पिपाण्या, आणि रात्री दशावताराचं नाटक. रात्री म्हणजे नीट रात्री. पालखी देवळाभोवती फिरून आत जाईपर्यंत बारा-एक वाजायचे, मग कुठे पखवाजावर थाप. तोवर आजीने देवळासमोर घोंगडी अंथरून, चार कोपऱ्यांवर चार चपला ठेवून, आपली हद्द आखून घेतलेली असायची. घोंगडीच्या मध्यभागी आम्ही नातवंडं आडवी. बसायची जागा कुणी धरतच नव्हतं, सगळे झोपायचीच जागा धरत.

सुरुवातीचा आडदशावतार मात्र जागं राहून बघायचो. गणपती, रिद्धी-सिद्धी, मोरावरची सरस्वती, ब्रह्मदेव, आणि मग तो संकासूर! अंगभर काळा, तोंडावर काळा बुरखा, त्यातून लोंबणारी लालभडक जीभ. ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा हा राक्षस बोलायचा मात्र अस्सल मालवणी, तेही पुढे बसलेल्यांची नावं घेऊन. कुणाची म्हैस हरवली, कुणाच्या घराचं छप्पर अजून शाकारायचंय, सगळं त्याला ठाऊक. आम्ही हसायचो आणि त्याच वेळी आजीच्या पदराखाली घुसायचो. विष्णूने त्याला मारलं की आमचं नाटक संपलं. पुढे आख्यान. राजे, ऋषी, शापबिप. राजे शुद्ध बोलायचे, "हे प्रिये, मृगयेस गेलो असता" वगैरे, आणि त्या ‘गेलो असता’च्या आसपास माझे डोळे मिटायचे.

मध्येच पायपेटीचा सूर चढला की जाग यायची.

"आजी, खंयसर इला?"

"राणी रानात गेली."

"कित्याक?"

"राजान धाडल्यान म्हणान. निज आता. झुंज लागली काय उठयतंय."

आणि खरंच उठवायची. पहाटे कधीतरी तलवारी निघायच्या, पखवाज उठायचा, दोन राजे एकमेकांभोवती गरागरा फिरायचे. आम्ही पोरं चिपडं भरल्या डोळ्यांनी उठून बसायचो. कोण कुणाशी लढतंय, का लढतंय, पत्ता नाही. पण कुणाच्या बाजूने ओरडायचं हे बरोब्बर कळायचं. मग देव प्रकट, दहीकाला, हंडी फुटली, गाव उठून घरी.

खरी मजा दुसऱ्या दिवशी विहिरीवर. आजीला वाटायचं राणीने शाप दिला. शेजारची मामी म्हणायची, शाप ऋषीने दिला, राणी तेव्हा मूर्च्छित होती. तिसरी कुणीतरी ठणकावून सांगायची की शापच नव्हता, वर होता. दशावताराला लिहिलेली संहिता नाही. आख्यान कुठलं ते ठरलं की रंगमंचावर उभं राहून संवाद तिथल्या तिथे बोलायचे. म्हणजे पुस्तक उघडून भांडण मिटवायचीही सोय नाही. या बायका रात्री पाळीपाळीने पेंगलेल्या असायच्या. पण ‘मला डुलकी लागली’ असं एकीनेही कधी कबूल केलं नाही. कळशा भरून होईस्तोवर आख्यान कसंबसं शिवून पुरं व्हायचं. ते रात्री झालेल्याहून कधीकधी बरं असावं, असा माझा संशय आहे.

कॉलेजात खोलीवर वडशाचा एक मित्र होता. देसाईगंज म्हणा किंवा वडसा म्हणा, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे तिकडची जत्रा, भरते, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात आणि रात्रभर नाटक चालतं. त्याने दशावताराची वेळ ऐकून नुसती मान हलवली. म्हणाला, आमचं दहाच्या सुमारास सुरू होतं आणि उजाडता सुटतं. रडवतात, हसवतात, मध्येच दणकून गाणी होतात, म्हणजे पेंगणारे उठतात. त्या भागातले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "त्यांचं नाटक मी जागा राहून पाहिलं होतं." तिकडे यापेक्षा मोठी दाद नसावी.

आणि आपले शहरी पूर्वज तरी कुठे दोन तासांत घरी जात होते? अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणलं ते पहिले चारच अंक. सातही अंक एका बैठकीत, वर पदं, पदांना वन्समोअर, असं पुढे चालू झालं तेव्हा कोंबडा आरवेपर्यंत दुष्यंताची आठवण परत येत असेल की नाही देव जाणे. त्या रात्रींना सगळे रसिक जागे होते असं मला कुणी देवळात शपथेवर सांगितलं तरी पटायचं नाही. फक्त तेव्हा कोपर मारणाऱ्या काकू बायकांच्या वेगळ्या जागेत बसत, एवढाच फरक.

हल्ली आमच्याकडेही वेळ आवळत चाललीय. आडदशावतार आटोपता घेतात, कुठे संध्याकाळीच तिकीट लावून, निरनिराळ्या मंडळांतले नट एकत्र आणून संयुक्त दशावतार असतो, ट्रिकसीन असतात, धूर येतो, नाग येतो. गर्दी होते. प्लॅस्टिकच्या खुर्च्या असतात. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर झोपून दाखवावं कुणी! मी वाईट म्हणत नाही. माणसं बघायला येतात हेच खूप. माझी तक्रार खुर्चीपुरती.

एकदा, सात-आठ वर्षांचा असेन, लघवीला म्हणून मामाच्या मागून देवळाच्या पाठीमागे गेलो. तिथे पेटाऱ्यांच्या आडोशाला राणी झोपली होती. बसूनच. नऊवारी नेसलेली, अंबाडा, नाकात नथ, आणि अंबाडा दबू नये म्हणून मानेमागे गुंडाळलेला टॉवेल. मान इतकी सरळ की वाटावं जागीच आहे. कमरेपर्यंत कांबळं ओढलेलं, खाली केसाळ पाय. शेजारी कुणीतरी राजमुकुट मांडीवर घेऊन पेंगत होतं. मग एका पोऱ्याने येऊन राणीच्या गुडघ्याला बोट लावलं. राणीने डोळे उघडले, टॉवेल बाजूला ठेवला, पदर सारखा केला आणि सरळ उजेडात जाऊन टाहो फोडला. बायका पदराने डोळे पुसत होत्या. मी बाहेर येऊन केलेली घोषणा, "आजी, ती आत्ता झोपली होती!" कुणी मनावर घेतली नाही.

ही माणसं पुढे मे महिन्यापर्यंत अशीच निजायची. रात्र या गावात, दुसरी त्या गावात, सामान टेम्पोत आणि माणसं सामानावर. खोबरेल तेलाने रंग पुसायचा की सकाळची एसटी. नाईटचे पैसे मिळत ते घर भागण्याइतके नसत, म्हणून दिवसा शेती, कुणाची रिक्षा, कुणाचं पानाचं दुकान. आमच्या वाडीतच एक राजा राहत होता. चांगला उंच, आवाज खणखणीत. त्याच्या दारासमोरच्या खळ्यात आम्ही दुपारी क्रिकेट खेळायचो, कारण गावात सपाट जागा तेवढीच. जत्रांच्या दिवसांत घरचे सांगायचे, तिकडे जाऊ नका, रात्रभर जागलाय तो. आम्ही जायचोच. एका दुपारी चेंडू त्याच्या दारावर आदळला. दार उघडलं. डोळ्यांत काजळ अजून तसंच, कमरेला लुंगी. आम्हाला वाटलं, आता ‘अरे अधमा’ने सुरुवात होणार. झाली नाही. त्याने जे काही सुनावलं ते शुद्ध मालवणीत होतं आणि त्यातला एकही शब्द इथे लिहिण्याजोगा नाही.